आधी तहान, मग भूक: नागपुरातल्या एका शाळेची मधली सुट्टी

जुलैच्या सुरुवातीला शाळेनं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकली: उद्यापासून डब्यात फक्त पोळी-भाजी, चिप्स-नूडल्स-बिस्किटं आढळल्यास डबा जमा. खाली अंगठ्यांची आणि हात जोडल्याची रांग लागली. आठवडाभरात डब्यांतून पाकिटं गेली आणि खिशांत पाच-दहा रुपये आले. गेटबाहेरच्या ठेल्यावर गर्दी आणखी वाढली.

शाळा पूर्व नागपुरातली, अनुदानित, राज्य मंडळाची. सकाळी त्याच इमारतीत प्राथमिकचे वर्ग भरतात आणि अकरा ते साडेपाच पाचवी ते दहावीची शाळा असते. पालकांत कळमन्याच्या बाजारात हमाली करणारे आहेत, ई-रिक्षावाले आहेत, शिलाई आणि घरकाम करणाऱ्या बाया आहेत, थोडे दुकानदार आणि लहान नोकरदारही आहेत. मी आहारतज्ज्ञ. मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावलं ते पालकसभेत जंक फूडवर एक भाषण द्यायला. निमित्त असं की परिपाठाच्या वेळी मुलं चक्कर येऊन पडत होती आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत बरीच पोरं फिकट, किडकिडीत निघाली होती. काही चांगली जाडजूडही होती. बाईंचं म्हणणं, हे सगळं त्या ठेल्यामुळे.

भाषण दिलं. पालकांनी माना डोलावल्या. त्यातून काहीच झालं नाही, आणि तसं होणार नाही याचा अंदाज सभागृहातच आला होता. कारण "जंक फूड खाल्लं की लठ्ठ व्हाल" असं पोस्टर शाळेनं जिन्यात लावलेलं, आणि त्याखालून जाणारी अर्धी पोरं अशी की शर्टात आणखी एक जण मावेल. देशभराचं चित्रही तेच आहे. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची २४ टक्के मुलं वयाच्या मानानं हडकुळी निघाली, ५ टक्के जादा वजनाची, आणि २८ टक्क्यांमध्ये रक्त कमी. हडकुळ्या मुलाला लठ्ठपणाची भीती घालून काय साधणार? त्याच्या बाबतीत पाकिटाचा तोटा वेगळाच असतो: दुपारची भूक पाच रुपयांत मरते आणि शाळेतल्या पोषण आहाराची खिचडी अर्धी उरते.

म्हणून भाषणाच्या जागी काही दिवस मधल्या सुट्टीत नुसतं उभं राहायचं ठरवलं.

ठेला पन्नास मीटर सरकला

शाळेनं आधी कायदा लावून पाहिला होता. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमावलीप्रमाणे जादा चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. राज्य सरकारनं तर २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ हटवायला सांगितलं होतं. या शाळेत उपाहारगृहच नाही, त्यामुळे तो आदेश फाइलमध्ये सुखात होता. ५० मीटरचं मात्र शिपाईकाकांनी टेप लावून मोजलं आणि ठेलेवाल्या मावशींना सांगितलं, इथून पुढं.

मावशी पुढं गेल्या. मेडिकलच्या दुकानापलीकडे, चौकाच्या तोंडाशी ठेला लागला. नियम पाळला गेला. फक्त आता पोरं मधल्या सुट्टीत रस्ता ओलांडून पळत होती, आणि त्या रस्त्यावरून भाजीचे छोटा हत्ती आणि ई-रिक्षा सारख्या जातात. आठवीतला एक जण थोडक्यात वाचला, तेव्हा बाईंनी स्वतःच मावशींना पुन्हा भिंतीलगत बोलावलं. नियमाचं काय, असं एका पालकानं विचारलंच. बाई म्हणाल्या, "नियम पदार्थाला आहे, बाईला नाही. काय विकायचं ते बोलू." मला हे वाक्य फार आवडलं. ५० मीटरच्या रेषेत अडकायचं तर पदार्थानं. माणूस हटवला तर पदार्थ त्याच्याबरोबर चौकात जातो आणि पोरंही.

ठेल्यावर होतं काय? वर लोंबणाऱ्या पाकिटांच्या माळा. बरणीत बोरकुट, चिंचेच्या गोळ्या. थर्माकोलच्या डब्यात प्लास्टिकच्या नळीतलं रंगीत बर्फ. आणि आलूपोंगा, ज्याच्यासाठी खरी झुंबड. मावशी सकाळी घरून आलू उकडून, तिखट-मीठ, आमचूर आणि भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर, घालून लगदा करून आणतात. पोकळ पिवळा पोंगा डाव्या हातात धरायचा, उजव्या अंगठ्यानं लगदा आत दाबायचा, दोन्ही तोंडं बंद करायची आणि चिंचेच्या पाण्यात बुडवून कागदावर द्यायचा. एका मुलाला चार पोंगे द्यायला त्यांना पाणी प्यायला लागतो तितकाही वेळ लागत नाही. गिऱ्हाईक दहा वर्षांचं असो की पंधरा, "घे बाप्पा" हे ठरलेलं.

फळं का नाही ठेवत, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "पाकीट आजचं असो का महिन्याचं, पोट्टे घेते. केळं दुपारी काळं पडलं का कोणी हात नाही लावत. मंग नुकसान कोण भरते जी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण हिशेब बरोबर होता. उन्हाळा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या गावात पाकीट हा सगळ्यात टिकाऊ माल आहे. उरलं तर उद्या विकतं. पोषणाच्या पुस्तकात हा मुद्दा सापडत नाही, पण ठेल्यावर काय येणार हे त्यावरच ठरतं.

पोरं आधी काय घेतात

उभं राहिल्यावर एक गोष्ट दिसली जी बाईंना आणि मलाही अपेक्षित नव्हती. दोनची घंटा झाली की पहिली लाट रंगीत बर्फावर आणि थंड पेयांच्या छोट्या बाटल्यांवर जायची. खाण्याची लाट नंतर. म्हणजे पोरं ठेल्यावर येत होती ती तहानेनं.

सातवीच्या वर्गाला आम्ही मधल्या सुट्टीचा नकाशा काढायला सांगितला: घंटा झाल्यापासून परत वर्गात येईपर्यंत तुम्ही कुठं कुठं गेलात, बाणांनी दाखवा. शाळेत पैसे न लागणारं इतकं उपयोगी साधन मी दुसरं पाहिलेलं नाही. मुलांच्या नकाशांत बाण गेटकडे, पटांगणात, पुन्हा गेटकडे, भिंतीवर चढून परत. मुलींच्या नकाशांत वर्गाचं दार, व्हरांडा, कठडा, वर्गाचं दार. कित्येकींच्या कागदावर पटांगण काढलेलंच नव्हतं. आणि पिण्याच्या पाण्याचे नळ फार थोड्यांच्या नकाशात होते. एकानं नळ काढून त्याच्यातून वाफा निघताना दाखवल्या होत्या. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, टाकीचं पाणी च्यासारखं लागते."

गच्चीवर जाऊन पाहिलं. काळी प्लास्टिकची टाकी, वर काही आडोसा नाही, अकरापासून उन्हात. दोन वाजता त्यातलं पाणी नळाला येतं. नळांतले निम्मे बंद, रांग मोठी. सुट्टी पंचवीस मिनिटांची, आणि त्यात पाचवी ते आठवीच्या मुलांनी हात धुवायचे, पोषण आहाराच्या रांगेत उभं राहायचं, जेवायचं, ताट धुवायचं. पाणी प्यायचं कधी? दोन मिनिटांत गार काहीतरी मिळतं ते ठेल्यावर, पाच रुपयांत.

मुलींचं आणखी एक होतं आणि ते कुणी आपणहून सांगितलं नाही. नववीच्या वर्गशिक्षिका बाईंनी दार लावून विचारलं तेव्हा निघालं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दोन दारांना कडीच नव्हती. मग मैत्रीण बाहेर दार धरून उभी हवी. मग सुट्टी संपते. त्यापेक्षा सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. परिपाठात चक्कर येऊन पडणाऱ्यांत मुली जास्त का, याचं निदान उपाशीपोटापाशी थांबवलं होतं. काहींचं ते खरंही होतं, पण पाण्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

या प्रकरणात झालेला सर्वात मोलाचा खर्च कोणता असं मला विचाराल तर मी कड्या सांगेन. शिपाईकाकांनी एका दुपारी बसवल्या.

टाकीवर हिरवी जाळी आली. खालच्या व्हरांड्यात माजी विद्यार्थ्यांच्या पैशातून तोटीचे मातीचे रांजण आले. रांजणाचं एक सांगायला हवं, कारण त्यावरून शाळेत वाद झाला. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ते पाणी फारसं गार करत नाहीत. बाहेर झिरपलेलं पाणी वाळलं तरच आतलं गार होतं, आणि पावसाळ्यात ते वाळतच नाही. तेव्हा "पैसे वाया गेले" म्हणणारे बरेच निघाले. सप्टेंबरच्या शेवटी हवा कोरडी झाली आणि ऑक्टोबरचं ऊन तापलं, तेव्हा त्याच रांजणांपुढे रांग लागली. रोज संध्याकाळी रिकामे करून घासायचे, सकाळी भरायचे, हे काम कुणाचं यावर अजून कुरबुर आहे.

केरळच्या शाळांत २०१९ पासून पाण्याची वेगळी घंटा वाजते हे एका सरांनी वाचलं होतं. तशी घंटा इथंही सुरू झाली, तासांच्या मध्ये दोनदा, आपापल्या बाटलीतून वर्गातच दोन घोट. पहिले काही दिवस गोंधळ, मग सवय. गणिताच्या सरांना अजून ती आवडत नाही.

साखर, चमचे आणि घरचा चहा

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं (सीबीएसई) मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. त्या पत्रातला आकडा लक्षात राहण्यासारखा आहे: ४ ते १० वयाच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांतले १३ टक्के आणि ११ ते १८ वयाच्यांचे १५ टक्के साखरेतून येतात, असायला हवेत ५ टक्के. ही शाळा त्या मंडळाची नाही, पण आठवीच्या विज्ञानाच्या बाईंनी कल्पना उचलली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत हवी. २,००० उष्मांक धरले तर ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. पाव लिटर कोल्ड्रिंकमध्ये साधारण २६ ग्रॅम असते. पोरांनी वजनकाट्यावर साखर मोजून रिकाम्या बाटल्यांत भरली आणि व्हरांड्यात ओळीनं लावल्या.

फलकापुढे उभं राहून सहावीतल्या एकानं विचारलं, "आणि चहात किती असते?" घरी सकाळी उठल्यावर एक, शाळेला निघताना एक, संध्याकाळी एक, सोबत टोस्ट. पोरांनी घरी जाऊन चमचे मोजले. काहींच्या बाबतीत कोल्ड्रिंकपेक्षा चहाची साखर जास्त भरली, कारण कोल्ड्रिंक आठवड्यातून एकदा आणि चहा रोज. फलकाचा उपयोग झाला तो इथं, आणि तो आमच्या आराखड्यात नव्हता. रंगीत बर्फाच्या नळीवर मात्र काहीच छापलेलं नसतं. साखर किती, रंग कोणता, पाणी कुठलं, काही कळायला मार्ग नाही. मावशींशी बोलताना शाळेनं अडून बसायचं ठरवलं ते याच एका वस्तूवर.

व्यवहार असा ठरला. रंगीत बर्फ आणि कोल्ड्रिंक बंद. पाकिटांच्या माळा बंद. आलूपोंगा राहील, पण चिंचेचं पाणी रोज नवं आणि ठेल्यावर झाकण. बाकी जागेत फुटाणे, मुरमुऱ्याचा भेळ-चिवडा, उकडलेला हरभरा कांदा-सांभार-लिंबू घालून, फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे. फळ कापून विकायचं नाही, माश्या आणि हातांमुळे, अख्खं विकायचं. केळ्यावर मावशी शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत. पेरू, बोरं चालतील म्हणाल्या, ती टिकतात. आणि संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरचं पीक, आला की संत्री. नागपुरात राहून पोरं संत्र्याच्या रंगाचं बर्फ चोखतात आणि संत्रं घरी पाहुणे आले तरच निघतं, हे मला कायम खटकत आलंय. बाजारातली लहान आकाराची, डागाळलेली संत्री स्वस्त पडतात. खायला तीच गोड.

आलूपोंगा राहू दिला म्हणून शाला समितीतले एक सदस्य अजूनही नाराज आहेत. तळलेला पोंगा, वर पिवळा रंग, मग काय सुधारलं, असं त्यांचं म्हणणं. ते चूक नाहीत. पण मावशींच्या दिवसाच्या कमाईचा मोठा भाग त्यातून येतो आणि तो काढला असता तर ठेला पुन्हा चौकात गेला असता, बर्फासकट. मी बाईंच्या बाजूनं होते आणि आहे.

डबा उघडून पाहणं बंद

जुलैतल्या सूचनेनंतर वर्गांवर डबा तपासणी सुरू झाली होती. हेतू चांगला, परिणाम वाईट. एका मुलीनं डबा आणणंच सोडलं, कारण तिच्या डब्यात रात्रीची भाकर आणि चून, म्हणजे पिठलं, असे, आणि ते सगळ्यांसमोर उघडावं लागे. खरं तर ज्वारीची भाकर आणि बेसनाचं चून म्हणजे धान्य आणि डाळ एकत्र. शेजारच्या डब्यातल्या जॅम लावलेल्या पोळीपेक्षा कितीतरी चांगलं. पण तपासणाऱ्या बाईंनी "शिळं का आणलं" असं विचारलं होतं. दुसऱ्या वर्गात उकडलेल्या अंड्यावरून शेजारच्यांनी बाक बदलून मागितला. तपासणी थांबवा, असं मी सांगितलं त्यात तडजोड ठेवली नाही. वजन-उंचीचा तक्ता नावांसकट वर्गात लावला होता, तोही उतरवला.

पालकांशी बोलणं मग छोट्या गटांत झालं, शनिवारी सकाळच्या शाळेनंतर. तिथं कळलं की दुपारच्या शाळेच्या मुलांना आया दहाला पूर्ण जेवू घालतात आणि डबा म्हणजे तोंडी लावायला काहीतरी, अशीच कल्पना असते. आईला साडेनऊला कामावर निघायचं असतं तिथं तर मुलगा स्वतःच डबा भरतो. अशा घरी पाककृतींच्या याद्या वाटून काय होणार? मुलाला स्वतः भरता येईल इतकंच सांगितलं: गूळ-फल्ली, फुटाणे-मुरमुरे, रात्री भिजवून मोड आणलेली मटकी, सकाळच्याच पोळीत जवसाची चटणी. जवसाची चटणी विदर्भातल्या घरात असतेच. ती डब्यात न्यायची लाज वाटू नये इतकंच करायचं होतं.

पोषण आहाराचं गणित कागदावर ठीक आहे. प्रधानमंत्री पोषण योजनेत सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, म्हणजे ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं अपेक्षित आहेत. सुट्टी पस्तीस मिनिटांची केल्यावर ताटात उरणारी खिचडी कमी झाली, असं स्वयंपाकी ताई सांगतात आणि त्यांचा शब्द मी मानते, कारण उरलेलं टाकायचं काम त्यांचंच. वाढीव दहा मिनिटं परिपाठ आणि सूचना आटोपशीर करून काढली.

पण ही योजना आठवीला संपते. नववीत गेलेला मुलगा जूनमध्ये अचानक रांगेबाहेर. वाढीचं वय तेच, भूक तीच, घरची परिस्थिती तीच. व्हरांड्यात खिचडीचा वास आणि नववी-दहावीची पोरं कठड्याला टेकून. यावर या शाळेकडे काही उपाय निघाला नाही.

सेहेचाळीस बघे

आता खेळ. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे आठवड्याला दोन तास, पस्तीस मिनिटांचे. म्हणजे सत्तर मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं अंगाला घाम येईल अशी हालचाल सांगते, आठवड्याची ४२० मिनिटं. शाळेनं दोन्ही तास पुरेपूर वापरले तरी सहावा हिस्सा.

आणि पुरेपूर वापरतं कोण? वर्गात साठ मुलं. हजेरी, रांगा, सावधान-विश्राम यात दहा मिनिटं. मग कबड्डी. सात अधिक सात, चौदा खेळणार, सेहेचाळीस बघणार. त्यात बाद झालेला बाहेर. बाद आधी कोण होतो? जो सगळ्यात हळू पळतो तो. म्हणजे ज्याला पळायची सर्वात जास्त गरज, तोच सर्वात आधी बसतो, आणि वर्षभर बसतो. पीटी सर स्वतः चांगले खेळाडू होते. त्यांना हे दाखवल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आम्ही टीम काढतो जी, वर्ग नाही खेळवत." आंतरशालेय स्पर्धेत शाळेचं नाव यायचं तर बारा चांगली पोरं पुरतात, उरलेल्यांचा हिशेब कुणी मागत नाही.

सरांनी केलेले बदल साधे होते. बाद झालेला बाहेर न बसता दुसऱ्या बाजूला जातो. लंगडीत पकडणारे एकाऐवजी पाच. पटांगणावर फक्कीनं आट्यापाट्यांचे छोटे पाट दोन-तीन ठिकाणी आखले, मधली उभी पाटी म्हणजे सूर आखला, आणि एका वेळी अर्ध्याहून जास्त वर्ग पळू लागला. आट्यापाट्यांना बॉल लागत नाही, जाळी लागत नाही, खर्च फक्कीचा. विदर्भात हा खेळ जुना आहे, सरांच्या पिढीनं खेळलेला आहे. पोरांना तो नवा वाटला. हुलकावणी देऊन पाटी पार करणं हे हडकुळ्या पोरांना फार छान जमतं, हे पाहून मजा वाटली.

याच काळात शाळेनं बुद्धिबळाचे पट आणले. दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यावर नागपुरातल्या शाळेनं तेवढं करायलाच हवं. फक्त पाऊस असला की पीटीचा तास पटावर, ऊन असलं की पटावर, असं व्हायला लागलं. खेळ म्हणून बुद्धिबळाला नमस्कार. पायांना त्यानं काही होत नाही. पट वाचनालयात हलवले.

मुलींसाठी दोन गोष्टी लागल्या. पीटीच्या दिवशी ओढणीच्या गणवेशाऐवजी ट्रॅक पँट चालेल, हे पालकसभेत बोलून ठरवणं, ज्याला वाटलं त्यापेक्षा कमी विरोध झाला. आणि आठवड्यातल्या दोन मधल्या सुट्ट्यांत पटांगणाचा गेटकडचा अर्धा भाग फक्त मुलींचा. यावर मुलांनी पुष्कळ आरडाओरडा केला. दोन तरुण शिक्षिका स्वतः खो-खोत उतरल्या तेव्हा मुली व्हरांड्यातून खाली आल्या.

शिक्षा म्हणून पटांगणाला राउंड मारायला लावणं बंद झालं. दुसऱ्या टोकाला, गृहपाठ नाही म्हणून पीटीला बसवून ठेवणंही बंद करायला सांगितलं. पहिल्यानं पळण्याचा तिटकारा येतो, दुसऱ्यानं ज्याला पळायचं आहे तोही अडकतो. दुसरी सवय अजून पूर्ण सुटलेली नाही.

नागपुरात पीटी घेताना एक गोष्ट डोक्यात ठेवावी लागते जी पुण्या-मुंबईच्या पुस्तिकांत सहसा नसते. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. आठवीत अशी एक मुलगी होती. तिला पाचवीपासून पायऱ्यांवर बसवलं जात होतं, काळजीपोटी. तिच्या डॉक्टरांचा सल्ला आणायला सांगितला: खेळू दे, पण दमछाक होईपर्यंत नाही, मध्ये मध्ये पाणी, सावली, आणि ती थांबते म्हणाली की थांबू द्यायचं, का म्हणून विचारायचं नाही. ती आट्यापाट्यांत गुण मोजायला आली, मग थोडी थोडी खेळायला. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळीही अशा मुलांना डॉक्टरांना विचारूनच द्यायची असते. ते त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर लिहून ठेवलं.

जे जमलं नाही

दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं आणि पटांगण लग्नांना भाड्यानं जायला लागलं. संस्थेचं ते उत्पन्न आहे, वीजबिल त्यातून भरतं. पण सोमवारी पटांगणात मंडपाचे खिळे, काथ्याचे तुकडे, प्लास्टिकचे ग्लास आणि खड्डे. एका मुलाच्या पायात खिळा गेला, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. आता भाड्याच्या पावतीवर सफाईची अट आहे आणि अनामत घेतात. खिळे तरीही सापडतात. सहामाहीच्या आधी पीटीचे तास गणित-इंग्रजीनं घेतले. निवडणुकीच्या कामाला पीटी सर गेले तेव्हा आट्यापाट्याही गेल्या.

वाढदिवसाच्या चॉकलेटांवर बंदी घातली नाही. घालून टिकली नसती. दुधात घालायच्या एका पावडरीच्या कंपनीचा माणूस मात्र आरोग्य सप्ताह प्रायोजित करतो म्हणून आला होता, बॅनर आणि फुकट पुड्यांसकट. बाईंनी चहा देऊन परत पाठवला.

परिणाम किती झाला? शाळेला आकडे हवे होते, अहवालासाठी. कचऱ्यातली पाकिटं डिसेंबरात कमी दिसत होती, हे खरं. पण डिसेंबरात ऊन नसतं, तहान कमी, आणि संत्री आलेली. ठेल्याशी केलेल्या व्यवहारानं किती फरक पडला आणि थंडीनं किती, हे हिवाळ्यात कळत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी पारा चढला तेव्हा मावशींच्या ठेल्यावर थर्माकोलचा डबा पुन्हा दिसला. विचारलं तर म्हणाल्या, "पोट्टे मांगते, मी काय करू." दोन दिवसांत डबा गेला, कारण आठवीच्या मुलींनी जाऊन वाद घातला. मार्चच्या मध्यापासून शाळा सकाळची झाली आणि प्रश्न तात्पुरता मिटला. वजनांत काय फरक पडला ते मी मोजलेलं नाही, आणि एका वर्षात मोजून काही सिद्धही होत नाही, कारण या वयात मुलं तशीही वाढतात. परिपाठात पडणाऱ्यांची संख्या कमी झाली आहे, हे बाई सांगतात. त्याचं श्रेय मी पाण्याला आणि कड्यांना देईन, साखरेच्या फलकाला नाही.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीच्या शाला समितीच्या बैठकीत दोन प्रस्ताव आहेत आणि पैसे एकाचेच. एक, दर्शनी भिंतीवर निरोगी आहाराची चित्रं रंगवायची. दुसरा, पिण्याच्या नळांची दुसरी रांग, खालच्या टाकीवरून, सावलीत. चित्रांच्या बाजूनं अध्यक्ष आणि दोन सदस्य आहेत, नळांच्या बाजूनं बाई, पीटी सर आणि पालकांचा एक प्रतिनिधी. मावशींचं मत कुणी विचारलेलं नाही. त्यांनी मला मात्र सांगितलंय की नळ झाले तर त्यांची लिंबू-पाण्याची बरणी विकली जाणार नाही, तेव्हा आधीच सांगा म्हणजे त्या बरणी घेणार नाहीत.